वितळण्याचा वेग टिपताना

१२ फेब्रुवारी १९५८ रोजी अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीवर हवामानाची देवी अवतरली. नाव मेटिओरा. वारे, ढग, विजा, चक्रीवादळं असा सगळा कारभार तिच्या हाती. व्यंगपटातल्या या देवीशी बोलायला पडद्यावर दोन खरीखुरी माणसं होती. फ्रँक बॅक्स्टर झाले होते ‘डॉक्टर रिसर्च’ आणि रिचर्ड कार्लसन झाले होते कथालेखक. ‘द अनचेन्ड गॉडेस’ नावाचा हा तासाभराचा बोधपट बेल टेलिफोन कंपनीच्या विज्ञानमालेतला चौथा. निर्माते होते ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ बनवणारे फ्रँक काप्रा. हॉलिवूडमध्ये नाव कमावण्याआधी काप्रांनी, पुढे कॅलटेक म्हणून प्रसिद्ध झालेल्या संस्थेत, रसायन अभियांत्रिकीचं शिक्षण घेतलं होतं. त्यामुळे शास्त्रज्ञांची भाषा त्यांना परकी नव्हती.

पाऊस कसा पडतो, वादळ कसं तयार होतं हे सगळं सांगून झाल्यावर शेवटाकडे डॉक्टर रिसर्च एक वेगळाच विषय काढतात. कारखाने आणि मोटारी दरवर्षी सहा अब्ज टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत सोडत आहेत. हा वायू सूर्याची उष्णता धरून ठेवतो. माणूस नकळत जगाचं हवामान बदलत असेल, असं ते सांगतात. तापमान थोड्याच अंशांनी वाढलं तरी ध्रुवांवरचा बर्फ वितळेल, मिसिसिपीच्या खोऱ्यात समुद्र शिरेल, आणि पर्यटक काचेच्या तळाच्या नावांतून दीडशे फूट पाण्याखाली बुडालेले मायामीचे मनोरे पाहतील. हे सगळं काही मिनिटांत आटोपतं आणि बोधपट पुढे सरकतो.

नंतर या मालेच्या १६ मिलिमीटरच्या प्रती अमेरिकी शाळांमध्ये वर्षानुवर्षं फिरत राहिल्या. मुलांनी वर्गातल्या अंधारात बसून ती मिनिटं पाहिली, घंटा झाली आणि ती खेळायला गेली. तापमानवाढीची गोष्ट लोकांपर्यंत पोहोचवण्याच्या प्रयत्नांचा इतिहास सांगायचा तर इथून सुरुवात करावी लागते, कारण आपल्याला कुणी सांगितलंच नव्हतं, ही सबब १९५८ पासून उरलेली नाही.

योगायोग असा की बोधपट दाखवला गेल्याच्या पुढच्याच महिन्यात, मार्च १९५८ मध्ये, चार्ल्स डेव्हिड कीलिंग या तरुण रसायनशास्त्रज्ञाच्या यंत्राने हवाई बेटांवरच्या मौना लोआ ज्वालामुखीच्या उतारावर कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली. पहिला आकडा होता हवेच्या दहा लाख भागांत ३१३ भाग. आज तो ४२० च्या पुढे गेला आहे. कीलिंग यांना या कामाला लावणाऱ्यांमध्ये समुद्रशास्त्रज्ञ रॉजर रेव्हेल प्रमुख होते. माणूस पृथ्वीवर एक प्रचंड प्रयोग करतो आहे, असा इशारा त्यांनी हान्स स्युस यांच्यासोबतच्या १९५७ च्या शोधनिबंधात दिला होता. रेव्हेल साठच्या दशकात हार्वर्डला शिकवायला गेले. त्यांच्या वर्गात टेनेसीच्या सेनेटरचा मुलगा बसत असे. गुरुजींनी फळ्यावर काढलेली कीलिंगची चढती रेघ त्या मुलाच्या डोक्यात पक्की बसली. त्याचं नाव अल गोर.

पण ती रेघ पडद्यावर यायला चाळीसेक वर्षं गेली. माहितीपटाला काहीतरी घडताना दाखवावं लागतं. युद्ध, पूर, संप, खटला यांचं चित्रण करता येतं. वर्षाला दहा लाखांत एखाद-दोन भागांनी वाढणाऱ्या, रंग-वास नसलेल्या वायूचं चित्रण कसं करायचं? कॅमेरा लावला की दिसतं निळं आकाश. धुराच्या चिमण्या दाखवाव्यात तर प्रेक्षकाला वाटतं, विषय प्रदूषणाचा आहे. चित्रवाणीवर अधूनमधून कार्यक्रम झाले. २३ जून १९८८ रोजी नासाचे जेम्स हॅन्सन अमेरिकी सेनेटच्या समितीपुढे साक्षीला उभे राहिले. तापमानवाढ सुरू झालेली आहे, हे त्यांनी भर उन्हाळ्यात कॅमेऱ्यांसमोर सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी ते वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आले. तरीही जरा लांबीच्या, नीट रचलेल्या चित्रपटाची जागा रिकामीच होती.

ती जागा आधी भरली एका तेल कंपनीने.

शेल कंपनीचा चित्रपट विभाग १९३४ पासूनचा. ब्रिटिश माहितीपटाच्या चळवळीतली कसलेली माणसं तिथे काम करून गेली. भारतातही बर्मा-शेलने पन्नासच्या दशकात माहितीपट काढले होते, आणि त्यांतून इथल्या काही दिग्दर्शकांना चांगलं काम मिळालं. १९९१ मध्ये या विभागाने ‘क्लायमेट ऑफ कन्सर्न’ हा २८ मिनिटांचा माहितीपट तयार केला, तो शाळा-महाविद्यालयांत दाखवण्यासाठी. आज पाहिला तरी तो स्वच्छ आणि प्रामाणिक वाटतो. हिमयुग संपल्यापासून कधी झाला नसेल इतक्या वेगाने हवामान बदलू शकतं, सखल किनारे आणि बेटं बुडू शकतात, दुष्काळ आणि पूर वाढू शकतात, असं निवेदक शांतपणे सांगतो. आधीच गर्दी झालेल्या या जगात घरदार गमावलेल्या निर्वासितांना कोण सांभाळणार, असा प्रश्नही तो विचारतो. शास्त्रज्ञांचं याबाबत किती व्यापक एकमत आहे, तेही नोंदवतो.

त्याच काळात शेल कंपनी ‘ग्लोबल क्लायमेट कोअॅलिशन’ या उद्योगांच्या गटाची सदस्य होती. उत्सर्जनावर बंधनं घालायला विरोध करणं हे या गटाचं काम. शेल त्यातून बाहेर पडली १९९८ मध्ये. मधल्या काळात तो माहितीपट विस्मरणात गेला. फेब्रुवारी २०१७ मध्ये ‘दी कॉरस्पाँडंट’ या डच नियतकालिकाने आणि लंडनच्या ‘गार्डियन’ने तो पुन्हा उजेडात आणला, तेव्हा पाहणाऱ्यांना धक्का बसला. चित्रपट विभागातल्या माणसांनी आपलं काम चोख केलं होतं. कंपनीच्या बाकीच्या मजल्यांवर ते कुणी ऐकलं नाही, याचा राग यायलाच हवा.

कोळशाच्या बाजूने असली द्विधा नव्हती. वेस्टर्न फ्युएल्स असोसिएशन या कोळसा पुरवणाऱ्या अमेरिकी सहकारी संस्थेने १९९२ मध्ये ‘द ग्रीनिंग ऑफ प्लॅनेट अर्थ’ ही चित्रफीत काढली. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की पिकं जोमाने वाढतील आणि पृथ्वी हिरवीगार होईल, असा तिचा दावा. तिच्या प्रती वॉशिंग्टनमध्ये राजकारण्यांना आणि पत्रकारांना वाटल्या गेल्या. वनस्पतींना हा वायू लागतो, हे खरंच आहे. पण पाण्यावाचून आणि वाढत्या उष्णतेत पिकांचं काय होतं, हे फितीने सांगितलं नाही. माहितीपट हे माध्यम लोकांना जागं करू शकतं तसं गुंगीतही ठेवू शकतं, हे या फितीने दाखवून दिलं.

२००० च्या निवडणुकीत अध्यक्षपद थोडक्यात हुकल्यावर अल गोर यांनी जुनी पेटी पुन्हा उघडली. आधी पारदर्शिकांच्या चकत्या, मग लॅपटॉप, असा सरंजाम घेऊन ते गावोगाव तापमानवाढीवर व्याख्यान द्यायचे. सभागृह कधी भरलेलं असे, कधी अर्धं रिकामं. २००४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये निर्मात्या लॉरी डेव्हिड यांनी त्या व्याख्यानाचा एक तुकडा पाहिला आणि यावर चित्रपट व्हायलाच हवा, असा ध्यास घेतला. दिग्दर्शक डेव्हिस गगनहाइम आधी साशंक होते. एका राजकारण्याच्या व्याख्यानाचा चित्रपट कोण पाहील, ही शंका रास्तच होती. पण गोर यांचं व्याख्यान प्रत्यक्ष ऐकल्यावर त्यांचं मत बदललं.

‘अॅन इन्कन्व्हीनियंट ट्रुथ’ जानेवारी २००६ मध्ये सनडान्स महोत्सवात दाखवला गेला आणि मे महिन्यात चित्रपटगृहांत आला. सुमारे पंधरा लाख डॉलरमध्ये तयार झालेल्या या चित्रपटाने जगभरात पाच कोटींच्या आसपास डॉलर कमावले. व्याख्यानाच्या चित्रपटासाठी ही कमाई थक्क करणारी होती. पुढच्या वर्षी त्याला ऑस्करही मिळालं.

तो का चालला, याचं उत्तर एका प्रसंगात आहे. गोर यांच्या मागे साडेसहा लाख वर्षांच्या कार्बन डायऑक्साइडचा आलेख पसरलेला असतो. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांवरून तो काढलेला. वरखाली होत रेघ आपल्या काळापर्यंत येते. पुढची पन्नास वर्षं दाखवायची वेळ येते तेव्हा गोर एका उचलपाळण्यावर चढतात आणि यंत्राच्या घरघरीत वर, आणखी वर जातात, तरी रेघ त्यांच्या डोक्यावरच राहते. प्रेक्षक हसतात आणि तेवढ्यात गप्प होतात. आलेखाला उंची देण्यासाठी माणसाच्या देहाचा वापर करायची ही युक्ती साधी होती. तरी एवढ्या वर्षांत रेव्हेल यांच्या फळ्यावरची रेघ लोकांच्या अंगावर प्रथमच आली.

महाराष्ट्रातल्या प्रेक्षकाने मान वर करून पाहावं असाही एक क्षण या चित्रपटात आहे. मुसळधार पावसाच्या घटना सांगताना गोर मुंबईचं नाव घेतात : चोवीस तासांत ३७ इंच. हा २६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेने त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला, तर त्याच शहराच्या दक्षिण टोकाला, कुलाब्यात, जेमतेम ७३ मिलिमीटर. मिठी नदी आपल्या जुन्या पात्राची जागा मागत कुर्ला-कलिन्यात घुसली, लोक रात्रभर बसच्या टपांवर आणि कचेऱ्यांत अडकून राहिले. त्या पावसाने महाराष्ट्रात हजारहून अधिक माणसं गेली. वर्ष उलटायच्या आत तीच दृश्यं जगातल्या चित्रपटगृहांत दिसली. मुंबईकराच्या लेखी तो नाल्यांचा, प्लास्टिकचा आणि पालिकेचा प्रश्न होता, आणि तो तसा होताही. जगाच्या नकाशावर त्याचं दुसरं स्थान काय, हे एका परक्या माणसाच्या व्याख्यानातून कळलं.

एकच पाऊस उचलून त्याचं खापर तापमानवाढीवर फोडता येतं का? शास्त्रज्ञ याबाबत जपून बोलतात. गोर यांच्या चित्रपटाची सर्वांत कठोर तपासणी याच मुद्द्यावर झाली. ब्रिटिश सरकारने तो इंग्लंडमधल्या सरकारी माध्यमिक शाळांना पाठवायचं ठरवलं, तेव्हा केंटमधल्या एका शाळेच्या व्यवस्थापन समितीच्या सदस्याने न्यायालयात धाव घेतली. १० ऑक्टोबर २००७ रोजी न्यायमूर्ती बर्टन यांनी निकाल दिला. चित्रपटातला मूळ वैज्ञानिक युक्तिवाद साधारणपणे बरोबर आहे, असं त्यांनी नमूद केलं. त्याचबरोबर, शास्त्रज्ञांच्या सर्वमान्य मतापासून चित्रपट ढळतो अशा नऊ जागा त्यांनी दाखवल्या. कॅटरिना चक्रीवादळ, किलिमांजारोचा बर्फ, आटलेलं चॅड सरोवर यांचं कारण थेट तापमानवाढीत शोधणं, समुद्र वीस फूट चढण्याची गोष्ट जणू नजीकच्या काळातली असल्यासारखी सांगणं, या त्यांतल्या काही. मुंबईचा पाऊस त्या नवांत नव्हता. शिक्षकांसाठी टिपणं जोडून चित्रपट दाखवावा, असं ठरलं. विरोधकांनी नऊ जागांचा डंका पिटला आणि मूळ निष्कर्ष मागे पडला. हा निकाल मुळातून वाचला तर तो माहितीपटकारांना दिलेला उत्तम धडा आहे : मोठी गोष्ट खरी असताना तिच्या भरीला सैल उदाहरणं घेऊ नयेत, कारण पुढे वाद त्या सैल उदाहरणांवरच होतो.

मुंबईच्या पावसाविषयी पुरावा पुढे जमत गेला, तोही घराजवळ. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात अतिवृष्टीच्या व्यापक घटना तिपटीने वाढल्या आहेत, आणि त्यासाठी लागणारी बाष्पाची रसद तापलेल्या अरबी समुद्राकडून येते आहे.

बर्टन यांच्या २००७ च्या निकालानंतर दोनच दिवसांनी नोबेल शांतता पुरस्कार जाहीर झाला : अर्धा गोर यांना आणि अर्धा संयुक्त राष्ट्रांच्या आयपीसीसी या शास्त्रज्ञांच्या मंडळाला. डिसेंबरमध्ये ऑस्लोत मंडळाच्या वतीने तो स्वीकारला तत्कालीन अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी. दुसरीकडे, त्याच वर्षी मार्चमध्ये ब्रिटनच्या चॅनेल फोरवर तापमानवाढ ही निव्वळ फसवणूक आहे असं सांगणारा मार्टिन डर्किन यांचा माहितीपट दाखवला गेला होता. त्यात आयपीसीसीला आणि समुद्रशास्त्रज्ञ कार्ल वुन्श यांना अन्यायकारक वागणूक दिली गेल्याचा निर्णय ब्रिटिश प्रसारण नियामकाने २००८ मध्ये दिला. तोवर लोकांचा माहितीपट पाहून झाला होता.

चित्रपट पाहून माणसं बदलतात का? अर्थशास्त्रज्ञ ग्रँट जेकबसन यांनी याचा हिशेब मांडला. गोर यांचा चित्रपट जिथे लागला होता त्याच्या दहा मैलांच्या परिघात, पुढच्या दोन महिन्यांत, आपल्या उत्सर्जनाची स्वखुशीने पैसे भरून भरपाई करणाऱ्यांचं प्रमाण इतर भागांच्या तुलनेत निम्म्याने वाढलं. मात्र वर्षभराने त्याच लोकांनी पुन्हा पैसे भरल्याचा पुरावा फारसा मिळाला नाही. याला अपयश म्हणणं अन्यायाचं होईल. दीड तासाच्या चित्रपटाने लोकांना खिशात हात घालायला लावलं, हे मोठंच आहे. वर्षभर धग टिकवण्याचं काम शाळा, संघटना, पक्ष आणि सरकारं यांचं. त्याची अपेक्षा पडद्याकडून धरू नये.

पुढच्या चित्रपटांनी हे ओळखलं असावं. फ्रॅनी आर्मस्ट्राँग यांनी ‘द एज ऑफ स्टुपिड’साठी लागणारे साडेचार लाख पौंड कुठल्याही कंपनीकडून न घेता दोनशेहून अधिक सामान्य लोकांकडून भाग-भांडवल म्हणून जमवले. २००९ मध्ये आलेल्या या चित्रपटात पीट पोस्टलथ्वेट २०५५ सालचा अभिलेखपाल झाले आहेत. उद्ध्वस्त जगात बसून ते आपल्या काळातल्या खऱ्या माणसांच्या चित्रफिती पाहतात. त्या माणसांत मुंबईचे जेह वाडिया आहेत. साध्या भारतीयालाही विमानात बसता यावं, म्हणून ते स्वस्त तिकिटांची विमान कंपनी उभी करताहेत. त्यांचं स्वप्न खोटं नाही, आणि प्रत्येक उड्डाणामागे जळणारं इंधनही खोटं नाही. आर्मस्ट्राँग यांनी त्यांना खलनायक केलं नाही, म्हणून तो भाग आजही टोचतो.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मालदीवचे अध्यक्ष मोहम्मद नशीद यांनी आपल्या मंत्रिमंडळाची बैठक समुद्राखाली, पाणबुड्यांचा वेश घालून घेतली आणि ते छायाचित्र जगभर गेलं. जॉन शेंक यांचा ‘द आयलंड प्रेसिडेंट’ डिसेंबरच्या कोपनहेगन परिषदेपर्यंत त्यांच्या पाठोपाठ जातो आणि बंद दाराआडच्या वाटाघाटींची दमछाक दाखवतो. अमेरिकेत तो प्रदर्शित होण्याच्या थोडं आधी, फेब्रुवारी २०१२ मध्ये, नशीद यांना सत्तेवरून पायउतार व्हावं लागलं.

पण संथ बदल स्वतःच डोळ्यांना दिसावा, हा मूळ प्रश्न सोडवला एका छायाचित्रकाराने. जेम्स बेलॉग कोलोरॅडोतल्या बोल्डरचे. शिक्षण भूरूपशास्त्राचं, नाव वन्यजीव आणि जंगलांच्या छायाचित्रांसाठी. तापमानवाढीचा सगळा डोलारा संगणकाच्या प्रारूपांवर उभा असावा, अशी त्यांना स्वतःला अनेक वर्षं शंका होती. बर्फाच्या गाभ्यांमधला पुरावा समजल्यावर ती गेली. २००५ मध्ये एका मासिकासाठी आइसलंडमधल्या हिमनद्यांचं काम करताना त्यांच्या लक्षात आलं की एका छायाचित्रात हिमनदी सुंदरच दिसते, तिची माघार दिसते ती दोन छायाचित्रांमधल्या काळात. मग त्यांनी काळाचंच छायाचित्र काढायचं ठरवलं.

२००७ मध्ये ‘एक्स्ट्रीम आइस सर्व्हे’ सुरू झाला. ग्रीनलंड, आइसलंड, अलास्का आणि माँटाना इथल्या हिमनद्यांसमोर पंचवीस कॅमेरे कड्यांना बोल्टने जखडायचे आणि दिवसाच्या उजेडात प्रत्येक तासाला एक छायाचित्र, असं वर्षानुवर्षं घ्यायचं. बाजारात असला कॅमेरा मिळत नव्हता. साधा निकॉनचा कॅमेरा, मजबूत पेटी, सौरपट्टी, बॅटरी आणि खास बनवून घेतलेलं घड्याळ असं जुगाड त्यांनी जमवलं. शून्याखाली चाळीस अंश थंडी आणि माणसाला उडवून नेणारे वारे यांत ते टिकायचं होतं. पहिल्या फेरीनंतर परत जाऊन पेट्या उघडल्या तेव्हा कित्येक कॅमेऱ्यांनी काहीच टिपलं नव्हतं. घड्याळातला एक छोटा सुटा भाग दगा देत होता. काही ठिकाणी कोल्ह्यांनी तारा कुरतडल्या होत्या, काही ठिकाणी दगड कोसळले होते. हताश झालेले बेलॉग पडद्यावर दिसतात. गुडघ्याच्या शस्त्रक्रिया होऊनही ते कुबड्या घेऊन बर्फात चढतात, डॉक्टरांचं ऐकत नाहीत. घड्याळं नव्याने बनवली गेली आणि कॅमेरे चालू लागले.

जमलेली छायाचित्रं जोडल्यावर वर्षं काही सेकंदांत सरकली. अलास्कातली कोलंबिया हिमनदी इतकी मागे गेली की ती चौकटीत राहावी म्हणून कॅमेऱ्याचं तोंड वळवत न्यावं लागलं. कीलिंगच्या रेघेत जे अमूर्त होतं, ते इथे डोळ्यांदेखत कोसळत, खचत, काळवंडत होतं. प्रेक्षकाला कुणावर विश्वास ठेवायची गरज उरली नाही.

या साऱ्या खटाटोपाचं चित्रण करायला जेफ ऑर्लोव्स्की नावाचा, नुकताच स्टॅनफर्डमधून बाहेर पडलेला तरुण सोबत आला होता. २८ मे २००८ रोजी तो आणि अॅडम लेविंटर ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर इलुलिसॅट हिमनदीच्या काठी तंबू ठोकून बसले होते. थंडीत रोज तोच कडा, तीच शांतता. अचानक हिमनदीचं तोंड सुटलं. पंचाहत्तर मिनिटं कडे उलटत राहिले, खोल पाण्याखालचा बर्फ वर उसळून येत राहिला. ७.४ घन किलोमीटर बर्फ समुद्रात गेला. त्याचं पाणी केलं तर कोयनेच्या पूर्ण भरलेल्या धरणाच्या दुपटीहून जास्त भरेल. आकाराचा अंदाज यावा म्हणून चित्रपटात त्या जागेवर न्यूयॉर्कचा मॅनहटनचा दक्षिण भाग ठेवून दाखवला आहे. कॅमेऱ्याने टिपलेला अशा प्रकारचा हा सर्वांत मोठा प्रसंग म्हणून नोंदला गेला. ते दोघे तिथे होते कारण ते आठवडेच्या आठवडे थांबले होते. या विषयावरच्या चांगल्या चित्रपटांचं बहुतेक श्रेय अशा थांबण्याला जातं.

‘चेसिंग आइस’ २०१२ च्या सनडान्समध्ये छायाचित्रणाचा पुरस्कार घेऊन गेला. चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्या एका अमेरिकी बाईंची चित्रफीत तेव्हा पुष्कळ पाहिली गेली. तापमानवाढ थोतांड आहे असं आतापर्यंत सगळ्यांना ठासून सांगत आलेल्या त्या बाई रडत होत्या आणि आता त्या सगळ्यांना पुन्हा गाठायला हवं, असं म्हणत होत्या.

ऑर्लोव्स्कींनी हीच पद्धत मग समुद्राखाली नेली. ‘चेसिंग कोरल’मध्ये जाहिरात क्षेत्र सोडून आलेले रिचर्ड व्हेव्हर्स आणि प्रवाळांवर जीव असलेला झॅक रागो पाण्याखाली आपोआप चालणारे कॅमेरे लावतात, पण त्यांतून येणारी चित्रं धूसर निघतात. शेवटी २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर, लिझार्ड बेटाजवळ, रागो आणि सोबती रोज पाण्यात उतरतात. तीच जागा, तोच कोन, हाताने टिपलेली छायाचित्रं. रंगीत प्रवाळ पांढरे पडतात, मग त्यांवर शेवाळ चढतं. त्या वर्षी तिथल्या उथळ पाण्यातले सुमारे तीस टक्के प्रवाळ मेले. मरण्याचा तो क्रम रागोने एकेक करून पाहिला आहे, आणि ते दुःख त्याच्या चेहऱ्यावर लपत नाही. यंत्राने हे टिपलं असतं तर चित्रं कदाचित अधिक नीट आली असती, पण रोज साक्षीला उभा राहणारा माणूस त्यात नसता.

असाच रोज साक्षीला उभा राहणारा माणूस केंद्रस्थानी ठेवून मुंबईत एक माहितीपट झाला, आणि त्यातली बरीच बोलणी मराठी माणसाला उपशीर्षकांशिवाय कळतात. सर्वनिक कौर यांचा ‘अगेन्स्ट द टाइड’ जानेवारी २०२३ मध्ये सनडान्सला गेला आणि तिथे त्याला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. राकेश आणि गणेश हे दोन कोळी मित्र त्याचे नायक. राकेश वडिलांच्या होडीवर, जुन्या पद्धतीने, किनाऱ्यालगत जाळं टाकतो. गणेश परदेशात शिकून आलेला, कर्ज काढून मोठी बोट घेतलेला आणि खोल समुद्रात जाणारा. दोघांच्याही जाळ्यात मासा कमी येतो. राकेशच्या घरी बाळ जन्मलं आहे, त्याच्या हृदयाला उपचार हवेत, आणि त्याला पैसे लागणार आहेत.

चित्रपटात आलेख नाही, निवेदक नाही. पश्चिम हिंदी महासागराचं उन्हाळ्यातलं तापमान १९०१ ते २०१२ या काळात सुमारे १.२ अंशांनी वाढलं, हे पुण्याच्या कोल यांच्या अभ्यासातून माहीत झालेलं. निसर्ग वादळ ३ जून २०२० रोजी अलिबागजवळ धडकलं, तौक्ते मे २०२१ मध्ये मुंबईला घासून गेलं, हे किनाऱ्यावरच्या प्रत्येकाला तोंडपाठ. पडद्यावर हे आकडे येत नाहीत. येतो तो बर्फाचा, डिझेलचा, खलाशांचा आणि हप्त्यांचा हिशेब. एलईडीचे झगझगीत दिवे पाण्यावर सोडून मासा ओढायचा की नाही, यावर दोघांचं बिनसतं. केंद्र सरकारने २०१७ मध्येच अशा मासेमारीवर बंदी घातलेली, पण कर्जाला बंदी कळत नाही. गणेशला बोट वाचवायची आहे. राकेशच्या मते असे दिवे म्हणजे उरलासुरला समुद्रही उपसून काढणं. मित्र आहेत म्हणून ते एकमेकांना सोडत नाहीत, आणि मित्र आहेत म्हणूनच एकमेकांना लागेल असं बोलतात.

कौर यांनी काही वर्षं या दोन घरांत कॅमेरा ठेवला, आणि तो कुणाचीही बाजू घेत नाही. समुद्र बदलला आहे, हे राकेशला किंवा गणेशला पटवून द्यावं लागत नाही. त्यांचं भांडण आहे ते उद्या पहाटे कोणत्या बोटीवर, किती दूर आणि कुणाच्या पैशावर जायचं, यावर.